लाल पट्टीचा आठवडा

आमच्या दुकानात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. जुने माउस आणि तुटक्या वायरी ज्या खोक्यात टाकतो, तसेच तेही साचत जातात. एक काढायला हात घातला की चार गुंतून वर येतात! चहाला चार माणसं बसली की कुणीतरी म्हणतंच, "शुभांगी, तो लाल पट्टीचा आठवडा सांग." मग मी सांगते. मला तरी कुठं गप्प बसवतंय!

आमचं दुकान श्रीरामपूरला. मालक बोरुडे काका. आणि इंजिनिअर म्हणा, झाडूवाली म्हणा, मी एकटी. एका मराठी सॉफ्टवेअरची जिल्ह्याची डीलरशिप आमच्याकडे आहे. जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण काकांच्या तोंडातून अजून 'नगर'च निघतं. सॉफ्टवेअरचं काम साधं आहे. मराठी टाईप करायचं, प्रिंट काढायची, आणि पाहिजे तर टाईप केलेलं मोठ्यानं वाचून घ्यायचं. प्रेसवाले वापरतात, टायपिंगवाले वापरतात, आणि ज्यांना दिसत नाही असेही काही लोक वापरतात.

दसरा झाला आणि पुढच्या मंगळवारी सकाळी कंपनीनं एक अपडेट सोडलं. झालं! ज्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर सहा-सहा वर्षं नांदलं, तोच त्याला परका वाटायला लागला. स्क्रीनच्या वरच्या बाजूला ही एवढी लाल पट्टी: 'लायसन्स ॲक्टिव्हेट नाही.' पट्टी आली की टाईप तेवढं होतं. प्रिंट बंद, वाचन बंद.

ती घालवायची तर कॉम्प्युटरचा मशीन नंबर कंपनीला कळवायचा, कंपनी कोड देणार, तो टाकायचा. एका लायसन्सला असे दोनच कोड मिळतात. तिसरा पाहिजे असेल तर वरच्या साहेबांची मंजुरी लागते.

मी तोंडाची फटकळ आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. "मशीनमध्ये बिघाड नसतो, माणसांत असतो," असं मी तोपर्यंत छातीठोक सांगायचे. त्या आठवड्यानंतर सांगायचं बंद केलं.

*

मंगळवारी पहिला फोन आला तो सुवर्णाचा. सव्वानऊला. शटरसुद्धा अर्धंच वर गेलं होतं.

"मॅडम, माझा कॉम्प्युटर बोलंना."

मी नेहमीच्या तारेत विचारलं, "स्क्रीनवर काय दिसतंय?"

पलीकडून एकदम हसू. "मॅडम, तेच तर न्हाई ना दिसत!"

मी जीभ चावली. सुवर्णाला जन्मापासून दिसत नाही. संगमनेर तालुक्यातली पोरगी, बावीस वर्षांची. एका दूध संस्थेच्या ऑफिसात तिला एक महिना नोकरीवर 'बघायला' घेतलं होतं. कानात हेडफोन लावायची, टाईप करायची, आमच्या सॉफ्टवेअरकडून वाचून घ्यायची, चुका दुरुस्त करायची. प्रिंटा सगळ्या एकदमच, शनिवारी निघायच्या. शुक्रवारी महिना भरत होता. त्या दिवशी मॅनेजरसाहेब स्वतः पत्र सांगणार, ती टाईप करणार आणि वाचून दाखवणार. जमलं तर कायम. नाही जमलं तर घरी.

म्हटलं, "अगं, मग साहेबांना सांग ना, अपडेटमुळं बंद पडलंय म्हणून."

"नगं मॅडम! पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या देखत म्हणले हुते, यंत्र बंद पडलं की ही पोरगी बंद पडंल. आता बंद पडलं म्हणून कसं सांगू?"



मशीन नंबर वाचायचा कुणी, हाही प्रश्नच. ऑफिसात चहा देणाऱ्या मावशी आहेत, त्या मदतीला आल्या. त्यांनी गुपचूप मोबाईलवर फोटो काढून पाठवला. पहिल्या फोटोत मावशींचा अंगठा. दुसऱ्यात चहाचा कप. तिसऱ्यात नंबर!

नंबर कंपनीला दिला आणि उत्तर आलं की या लायसन्सचे दोन्ही कोड संपलेत. एक तिच्या भावानं घरी टाकलं तेव्हा वापरला, दुसरा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाकलं तेव्हा. तिसऱ्याला मंजुरी लागेल. कामाचे तीन दिवस.

मंगळवारपासून तीन दिवस बोटावर मोजा. मीही मोजले. शुक्रवारच येत होता.

*

बुधवारी कोपरगाव. तिथं खर्डे अण्णांची प्रेस आहे. त्यांचं लायसन्स जुन्या पद्धतीचं, म्हणजे कोड नाही, पेनड्राइव्हसारखं एक लॉक असतं. ते कॉम्प्युटरला खोचलं की सॉफ्टवेअर चालतं. दिवाळीची कामं अंगावर आणि स्क्रीनवर लाल पट्टी: 'लॉक सापडत नाही.'

"तुमच्या अपडेटनं वाटोळं केलं," अण्णा फोनवर म्हणाले. मीही मान्य केलं. एसटीनं गेले.

दोन तास! अपडेट काढलं, परत टाकलं. कॉम्प्युटर तीन वेळा बंद-चालू केला. कंपनीला फोन लावून त्या बिचाऱ्या हेल्पलाइनवाल्याला नाही नाही ते बोलले. अण्णा शेजारी उभे राहून "बरोबर बोलल्या मॅडम!" म्हणून मला आणखी चढवत होते.

शेवटी लॉक उपसून हातात घेतलं आणि माझी बोटं लाल झाली.

"अण्णा, हे काय?"

"कुंकू," अण्णा म्हणाले, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं. "खंडेनवमीला पूजा केली ना. छपाईच्या मशीनची केली, कटरची केली, मग याची नको? सगळी प्रेस याच्यावर चालती. कालपर्यंत देव्हाऱ्यातच हुतं. काल सकाळी खोचलं."

लॉकच्या तोंडात हळद, कुंकू आणि एक अक्षता. अक्षतासुद्धा! दर वर्षी ते लॉकवर नुसतं एक बोट टेकवायचे. या वर्षी नातवानं पूजा केली, अगदी मनापासून आणि आतपर्यंत. कंपनीचं अपडेट बिचारं या भानगडीत कुठं नव्हतंच.

मी खोडरबरानं घासून लॉक साफ केलं, खोचलं, पट्टी गेली. अण्णांनी मशीनला नमस्कार केला. मग मला केला. मग त्या लॉककडे बघून म्हणाले, "बारा वर्षं झाली बघा. या एवढ्याशा वस्तूनं दोन पोरींची लग्नं केली." ते एवढ्या गंभीरपणे म्हणाले की मला हसू येईना.

इतक्यात काकू आतून पंचपाळं घेऊन आल्या. "पुसलं ना सगळं? बोडकं नको ठेवायला."

"काकू, टोपणाला लावा!" मी ओरडले.

*

कोपरगावहून परत येताना बसमध्येच व्हॉट्सॲपवर फोटो आला. राहुरीच्या पुढच्या एका गावातून, बाळासाहेब नावाच्या आमच्या टायपिंगवाल्याकडून. फोटोत रांगोळी.

मला वाटलं, चुकून आली. खाली मेसेज: 'मॅडम, लायसन्स नंबर.'

फोन लावला तर किस्सा असा. नवीन कोड मागताना मूळ लायसन्स नंबर सांगावा लागतो, सोळा अक्षरी. बाळासाहेबानं कागद कधीच हरवला होता, पण हुशार माणूस, नंबर दुकानातल्या भिंतीवर लिहून ठेवलेला. आणि दिवाळी आली म्हणून आठ दिवसांपूर्वी भिंतीला गुलाबी रंग मारलेला!

"मग हे कुठून आणलं?"

"आईनं काढलं."

त्याची आई रोज ते दुकान झाडते. सहा वर्षं. तिला लिहिता-वाचता येत नाही. मराठी येत नाही तर हे इंग्रजी कुठून येणार? पोरगा भिंत खरवडायला लागला तसं ती म्हणाली, "थांब, नवा रंग कशाला घालवतो?" आणि ओट्यावर बसून तिनं सोळाच्या सोळा अक्षरं चिमटीनं ओढली. अक्षरं म्हणून नाही, नक्षी म्हणून!

पाचवं अक्षर मला कळेना. म्हटलं, "बाळासाहेब, आईंना द्या जरा." त्या आल्या. विचारलं, "काकू, पाचव्या ठिकाणी खाली दोन पाय आहेत का एक?"

"दोन. एक सरळ हाय, एक फाकलेला. वर डोस्कं गोल," काकू म्हणाल्या. "त्याचं नाव काय ते मला इचारू नका."

मोबाईलवरूनच कंपनीच्या साइटवर नंबर टाकला. बरोबर! सोळाही बरोबर! मी बसमध्ये एकटीच "अरे बाप रे!" म्हणाले, तर शेजारची बाई सरकून बसली. मला माझ्या स्वतःच्या नवऱ्याचा मोबाईल नंबर पाठ नाही हो.

*

तोपर्यंत दुकानात सुवर्णाच्या कोडवरून काकांची आणि कंपनीची जुंपली होती. जुंपली म्हणजे काय, काका कधी आवाज चढवत नाहीत. फोन स्पीकरवर ठेवायचा, पलीकडं 'कृपया प्रतीक्षा करा'चं संगीत वाजू द्यायचं आणि आपण शांतपणे प्रिंटर पुसायचा. त्या दिवशी ते संगीत इतकं वाजलं की समोरचा रसवाला ते गुणगुणायला लागला.

शेवटी एक साहेब फोनवर आले. म्हणाले, तिसऱ्या कोडसाठी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या, मॅनेजरची सही-शिक्का पाहिजे.

आता काय करायचं? मॅनेजरला कळू द्यायचं नाही म्हणून तर सगळा आटापिटा! फुकटचा दुसरा वाचणारा प्रोग्राम टाकू म्हटलं, तर तिच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काही नवीन टाकायचं तर पासवर्ड मॅनेजरकडेच.

काका म्हणाले, "साहेब, पत्र मी देतो. माझ्या लेटरहेडवर. मुलगी खरी आहे, लायसन्स खरं आहे, मी जबाबदार."

"सर, तशी प्रोसेस नाही आपल्याकडे."

"मग असं करा," काका म्हणाले, "काही खोटं निघालं तर माझी डीलरशिप काढून घ्या. हेही पत्रात लिहून देतो."

मी काकांकडे बघतच राहिले. वीस वर्षांची डीलरशिप! त्या मुलीला त्यांनी एकदा, तेही इन्स्टॉलेशनच्या वेळी बघितलेलं. मी म्हटलं, "काका, अहो!" तर म्हणाले, "पत्र टाईप कर. र्‍हस्व-दीर्घ बघ."

संध्याकाळी सुवर्णाला फोन केला. पत्र गेलंय, शुक्रवारपर्यंत होईल असं वाटतंय, धीर सोडू नकोस.

"परीक्षा अकराला हाय मॅडम," ती म्हणाली. मग म्हणाली, "रोज काम करतीच हाय मी. तसंच."

'तसंच' म्हणजे कसं, ते मी विचारायला पाहिजे होतं. गडबडीत नाही विचारलं.

*

गुरुवारी नेवासा. कचेरीसमोर शेख चाचांचं टायपिंग सेंटर आहे. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाईप करून देतात. त्यांच्या पट्टीवर वेगळाच आरोप: 'तारखेत फेरफार आढळला.'

चाचा दुखावले होते. "बेटी, मी फेरफार करणारा माणूस दिसतो का?"

मशीन उघडलं. आतला सेल मेलेला. हा बटणाएवढा सेल असतो, कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ सांभाळतो. तो मेला की लाईट गेली रे गेली, कॉम्प्युटर पंधरा वर्षं मागं जातो! जुन्या सॉफ्टवेअरला चालायचं. नव्या अपडेटला तारीख मागं गेलेली दिसली आणि त्यानं चाचांना चोर ठरवलं.

"कधीपासून असं होतंय चाचा?"

"चार बरस झाले."

"मग रोजची तारीख?"

"मी टाकतो ना. सकाळी आलो की आधी तारीख, मग वेळ, मग अगरबत्ती. लाईट गेली की परत."

चार वर्षं! मी जुन्या फायली उघडून बघितल्या. मला वाटलं, एखाद्या दिवशी तरी विसरले असतील. पन्नासेक फायली बघितल्या, एकही तारीख चुकलेली नाही.

"चाचा, एकदाही नाही विसरलात?"

"कसं विसरून चालेल? तारीख चुकली तर कचेरीत कागद परत करतात. मग एखादी म्हातारी परत दोन गाड्या बदलून येणार. पाप कुणाला लागेल?"

मी सेल बदलला. त्यांचा दुसरा कोड शिल्लक होता, तो मागवून टाकला, पट्टी गेली. म्हटलं, "चाचा, आता तारखेला हातसुद्धा लावायचा नाही. आपोआप राहील."

चाचा खूश झाले. चहा मागवला. चहा पिता पिता त्यांचा चेहरा पडला.

"मग सकाळी आल्या आल्या मी करू काय?"

*

आता शुक्रवार.

सकाळी साडेआठपर्यंत कोड आला नाही. मी काकांना म्हटलं, मी संगमनेरला जाते. जाऊन करणार काय होते? कोड तर हातात नव्हता. पण अकराच्या आधी पोचून मॅनेजरला सांगायचं ठरवलं होतं, की साहेब, चूक आमच्या कंपनीची आहे, पोरीची नाही, चार दिवस थांबा. सुवर्णानं नको म्हटलं होतं, तरी सांगणार होते. पोरीची नोकरी जाते आणि मी दुकानात बसून वायरी गुंडाळते, हे मला बघवणार नव्हतं.

एसटी बाभळेश्वरला आली. कोड नाही. लोणी गेलं. कोड नाही. पुढं रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी. अर्धा तास गाडी जागची हलेना! कंडक्टरला बोलले, ड्रायव्हरला बोलले, उसालासुद्धा बोलले. घड्याळात अकरा वाजले ते मी त्या ट्रॉलीकडे बघत असतानाच. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

संस्थेच्या गेटवर पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. आणि नेमका तेव्हा मोबाईल वाजला. मंजुरी आली, कोड आला! अशी चीड आली म्हणून सांगू, मोबाईल फेकून द्यावासा वाटला.

आत गेले. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. "साहेब, त्या मुलीचा काही दोष..." एवढंच निघालं तोंडातून.

"या या मॅडम!" मॅनेजरसाहेब उठूनच उभे राहिले. "तुमीच का त्या सॉफ्टवेअरवाल्या? मावशी, मॅडमना मसाला दूध द्या!"

मला काही कळेना. सुवर्णा टेबलापाशी बसली होती, कानात हेडफोन, हात मांडीवर.

"मी मुद्दामच अवघड पत्र सांगितलं," साहेब म्हणाले. "पंधरा गावांची नावं, प्रत्येक गावाचं दूध, फॅटचे आकडे. भराभर सांगितलं. हिनं भराभर टाईप केलं. म्हटलं, आता वाच. कानात ते तुमचं लावलेलं हुतंच. घडाघडा वाचलं! एक आकडा हिकडचा तिकडं न्हाई. मी मागं उभा राहून स्क्रीनवर बोट ठेवून बघत हुतो."

मावशींनी दुधाचा ग्लास माझ्या हातात दिला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"आन् ऐका पुढं. मधीच थांबली. म्हणली, साहेब, चौथ्या ओळीत समनापूरमधला 'ना' दोनदा पडलाय, बोट घसरलं माझं. बघतो तर खरंच! मलाच दिसला नव्हता. दुरुस्त करू का म्हणली. म्हटलं, राहू दे तसाच, चेअरमनसाहेबांना दाखवायचाय." साहेब खुर्चीत बसले. "कायम केली तिला. सोमवारी ऑर्डर. मी म्हणत हुतो, यंत्र बंद पडलं की पोरगी बंद पडंल. पन असलं यंत्र काय बंद पडतंय व्हय! लई भारी हाय मॅडम तुमचं सॉफ्टवेअर."

"धन्यवाद," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"फक्त एक करा. मंगळवारपासनं ती वर लाल पट्टी दिसती बघा. तेवढी काढून टाका. डोळ्यांना खुपती."

ग्लास माझ्या हातात तसाच राहिला. मी स्क्रीनकडे बघितलं. पट्टी होती. मी सुवर्णाकडे बघितलं.

"मॅडम, कोड आला ना?" ती हळूच म्हणाली. "टाका मग. चार दिवस कान लई ओस पडलेत."

मी कोड टाकला. तीनदा चुकला, चौथ्यांदा लागला. पट्टी गेली. सुवर्णानं हेडफोनची पिन उपसली आणि एक बटण दाबलं. यंत्र स्पीकरवर पहिल्यापासून पत्र वाचायला लागलं, आणि ती त्याच्याबरोबर मान डोलवत ऐकत बसली. एक ओळ झाली. दुसरी झाली. तिसरी झाली.

चौथ्या ओळीत यंत्र म्हणालं, "समनानापूर."